तीनशे पन्नास किलोंची मर्यादा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



यंत्राचा इतिहास सांगताना त्याची वाढ मोजत जाण्याची सवय आपल्याला जडलेली आहे. पहिले इंजिन अमुक शक्तीचे होते, दुसरे त्याच्या दीडपट झाले, तिसऱ्याने दुसऱ्याला मागे टाकले, अशी चढती भाजणी मांडून झाली की इतिहास सांगून झाला असे आपण मानतो. आज ज्या गाडीविषयी मी बोलणार आहे, त्या जपानच्या सुझुकी कॅरी नामक लहान मालमोटारीला हा मापदंड लावला, तर तिच्या साठ वर्षांहून अधिक काळाच्या कारकीर्दीतला मर्माचा भाग हातून निसटतो. कारण १९६१ च्या ऑक्टोबरात ती प्रथम बाजारात आली तेव्हा तिच्या हौद्यात ३५० किलो माल लादण्याची मुभा होती, आणि आज जपानात जी कॅरी विकली जाते तिच्या हौद्यातही ३५० किलोच माल लादता येतो. इंजिन जवळजवळ दुप्पट झाले, लांबी हातभर वाढली, चालकाच्या बसण्याउठण्याची सारी व्यवस्था पालटली. ओझ्याचा आकडा मात्र तसूभरही हलला नाही. मग मधल्या काळात जी वाढ झाली ती कोणाच्या पदरात पडली, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या आकड्याचे मूळ कारखान्यात नसून सरकारी दप्तरात आहे. युद्धाने होरपळलेल्या जपानात सामान्य माणसाला मोटार घेण्याची ऐपत नव्हती, आणि म्हणून १९४९ साली तेथील सरकारने लहान वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. त्याला तेथे ‘केई’ म्हणतात. पुढे १९५५ मध्ये या वर्गातील इंजिनाची कमाल मर्यादा ३६० घनसेंटिमीटर ठरली. गाडीची लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि उंची २ मीटर, याच्या आत जो राहील त्याला कराची सवलत, १९७३ पर्यंत सक्तीच्या नियतकालिक तपासणीतून सूट, आणि १९६८ पर्यंत तर सोळाव्या वर्षीच परवाना. म्हणजे सरकारने कारखानदाराला पैसा दिला नाही, एक चौकट दिली, आणि त्या चौकटीत काय बसवायचे ते त्याच्या बुद्धीवर सोडले. चौकट पुढे तीनदा रुंदावली. १९७६ मध्ये इंजिन ५५० आणि लांबी ३.२ मीटर झाली. १९९० मध्ये ६६० आणि ३.३; १९९८ मध्ये इंजिन तेच ठेवून लांबी ३.४ आणि रुंदी १.४८ मीटरवर आली. उंचीची हद्द कधीच बदलली नाही, आणि ३५० किलोंचे बंधनही आजतागायत कायम आहे.

ज्या कारखान्यातून ही गाडी निघाली तो मूळचा मागांचा. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सू येथे हातमाग आणि यंत्रमाग बनवण्यास प्रारंभ केला; १९५२ मध्ये या घराण्याने सायकलीला जोडण्याचे छोटे इंजिन काढले, आणि १९५५ मध्ये सुझुलाइट नावाची पहिली मोटार. हामामात्सू हे गावच मोठे उद्योगी. यामाहाचे वाद्यांचे कारखाने तेथलेच, आणि सोइचिरो होंडा यांच्या उद्योगाची सुरुवातही तेथलीच.

पहिली कॅरी अगदी साधी होती. ३५९ घनसेंटिमीटरचे, हवेवर थंड होणारे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, २१ अश्वशक्ती, पुढेमागे चारही चाकांना पाट्यांच्या कमानी, आणि ताशी ७५ किलोमीटरांच्या आसपास वेग. त्याच वर्षी सुबारूची सांबार आली. तिचे इंजिन मागच्या बाजूस होते आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. १९६३ मध्ये होंडाने ३० अश्वशक्तीची टी३६० काढली. होंडाची ती पहिली चारचाकी. शर्यतीच्या मोटारसायकलींचे सगळे कसब तिच्या ३५४ घनसेंटिमीटरच्या इंजिनात ओतलेले. या दोघींच्या शेजारी कॅरी गरीब दिसते. पण ज्याला पहाटे भाजी बाजारात पोचवायची आहे त्याच्या हिशेबाने पाहिले, तर या गरिबीतच तिचे शहाणपण होते असे माझे मत आहे; जे यंत्र गावातला साधा मिस्त्री उघडू शकतो ते शेतकऱ्याच्या दारात टिकते.

लांबी तीन मीटरांवर बांधलेली असली, की केबिनला दिलेली प्रत्येक बोट जागा हौद्यातून वजा होते. कॅरीच्या सुरुवातीच्या पिढ्यांचा सारा इतिहास या एका वजाबाकीचा आहे. १९६८ मध्ये इंजिन उचलून हौद्याच्या तळाशी आडवे घातले गेले, चालक अगदी दर्शनी काचेपाशी सरकला आणि मागची जागा मोकळी झाली. पुढच्या वर्षी इटलीच्या जोर्जेत्तो जुजारो यांनी रेखलेली कॅरी आली. तिची बंद गाडी पुढून आणि मागून जवळजवळ सारख्याच उताराची होती. ती देखणी होती यात शंका नाही. पण मागचा उतार म्हणजे वरच्या अंगाने गमावलेली मालाची जागा, आणि पुढच्या पिढीत तो उतार गेला. मालवाहू गाडीत सौंदर्याची बाजू अशी नेहमी मालाच्या बाजूपुढे हरते, आणि ते योग्यच आहे.

आता हौद्याजवळ जरा थांबू. आजच्या कॅरीचा हौदा १९४० मिलिमीटर लांब, १४१० रुंद. फाळक्यांची उंची २९० मिलिमीटर. हौद्याची जमीन रस्त्यापासून ६५० मिलिमीटरांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर. फाळके तीन बाजूंनी खाली पडतात, त्यामुळे अरुंद बांधावर गाडी कशीही उभी असली तरी एका अंगाने माल चढवता येतो. जपानी बाजारातली प्लायवूडची प्रचलित फळी ९१० गुणिले १८२० मिलिमीटरांची. ती फाळका न उघडता आडवी पडते. तेथे भाताची गोणी ३० किलोंची. अशा ११ गोण्या भरल्या की ३३० किलो होतात आणि कायद्याला २० किलोंची सवड उरते. केबिनच्या पाठीमागे, काच सांभाळण्यासाठी आणि शिडी किंवा लांब बांबू टेकवण्यासाठी, जी उभी लोखंडी चौकट असते तिला तेथील लोक ‘तोरी’ म्हणतात, म्हणजे देवळापुढचे महाद्वार. चिखलात एक चाक नुसते फिरू लागले तर मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारी कळ चालकाच्या हाताशी मिळू शकते. १४५ मिलिमीटर रुंदीच्या, १२ इंची चाकांची ही गाडी भातखाचरांमधल्या वाटेने जाते, आणि तिला वळायला ३.६ मीटरांची त्रिज्या पुरते.

ही त्रिज्या सहजासहजी आलेली नाही. १९९८ च्या नियमांनी लांबी जी वाढवली ती मुख्यतः अपघातात माणूस वाचावा म्हणून, आणि १९९९ च्या कॅरीत पुढची चाके दारांच्याही पुढे, नाकाखाली नेण्यात आली. पायांना जागा झाली, गाडी मोठ्या रस्त्यावर स्थिर झाली. पण दोन आसांमधले अंतर २३५० मिलिमीटरांवर गेल्यामुळे बांधावरच्या काटकोनी वळणात ती अडू लागली. शेतकऱ्याला हे मानवले नाही. काही वर्षांनी चाके आसनाखाली असलेला, १९०५ मिलिमीटरांचा प्रकार जोडीला द्यावा लागला, आणि २०१३ मध्ये नवी पिढी आली तेव्हा तेच अंतर सर्व कॅरींना कायम झाले. तिचे इंजिन ६५८ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे, ५० अश्वशक्तीचे. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. १९६१ पासून जे ४० सेंटिमीटर आणि २९ अश्वशक्ती वाढल्या त्यांतला मोठा वाटा चालकाला मिळाला: त्याच्या गुडघ्यांना, त्याच्या छातीपुढच्या लोखंडाला, घाटात मागच्या गाड्यांचा खोळंबा न करण्याच्या त्याच्या हक्काला.

या चौकटीबाहेर कॅरीचे काय होते याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९८२ मध्ये मारुती उद्योगाशी सुझुकीचा करार झाला, आणि १९८४ मध्ये जी मारुती व्हॅन आली, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले, ती या कॅरीचीच ७९६ घनसेंटिमीटरची, बंद अंगाची बहीण. आपल्याकडे तिने मालापेक्षा माणसेच अधिक वाहिली: शाळेची मुले, रुग्ण, लग्नाची वऱ्हाडे. उघड्या हौद्याची कॅरी मात्र येथे २०१६ मध्ये आली. तोवर २००५ साली पुण्याहून निघालेल्या टाटा एसने, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीने, या आकाराच्या गाडीला गल्लीबोळांत केवढे काम आहे ते सिद्ध करून दाखवले होते. आपल्याकडे ३५० किलोंचा कायदा नाही. म्हणून भारतातील सुपर कॅरी ३.८ मीटर लांबीची झाली आणि तिच्या पहिल्या डिझेल प्रकाराची भारक्षमता ७४० किलो ठरली. नाव तेच, घराणे तेच. दप्तरातले एक कलम नसल्याबरोबर वाढ पुन्हा ओझ्याकडे वळली.

जपानात या वर्गाच्या गाड्यांभोवती एक समाजच उभा राहिला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या आकाबो या संघटनेत स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवणारे मालवाहतूकदार सहकारी तत्त्वावर एकत्र आले. इवाते प्रांतातील शिझुकुइशी गावाने २००५ मध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा गाड्या उभ्या करून, त्यांचे फाळके पाडून, हौद्यांवरच आठवडी बाजारासारखी दुकाने मांडण्याची प्रथा पाडली, आणि ती पुढे अनेक गावांनी उचलली. पण हा समाज वृद्ध होत चालला आहे. २०२० च्या गणनेनुसार जपानमध्ये शेती हाच मुख्य व्यवसाय असलेल्या माणसांचे सरासरी वय ६७.८ होते. २०१४ मध्ये कॅरीत क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा आली. ती त्याच वर्षी आधी भारतात, सेलेरिओ या मोटारीत, दिली गेली होती. कॅरीत तिचा उपयोग ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत त्यांना विशेष झाला. पुढे ब्रेकऐवजी चुकून अॅक्सिलरेटर दाबला गेला तर गाडीला आवरणारी सोयही तिच्यात आली.

मला चिंता वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. सुबारूने २०१२ मध्ये स्वतःची सांबार बनवणे थांबवले, होंडाने २०२१ मध्ये आपली अॅक्टी. माझदा, निसान आणि मित्सुबिशी यांच्या नावाने मिळणाऱ्या या वर्गातील उघड्या गाड्या वास्तविक सुझुकीने बनवलेल्या कॅरीच आहेत. टोयोटा आणि सुबारू यांच्या नावाच्या गाड्या दाइहात्सू या दुसऱ्या कारखान्याच्या. म्हणजे एवढ्या नावांमागे कारखानदार दोनच उरले. ही गाडी स्वस्त ठेवावी लागते, तिच्यात नफा थोडा, आणि गिऱ्हाईक दरसाल म्हातारे होत आहे. या दोघांनीही हात आखडता घेतला, तर डोंगरातल्या शेवटच्या खाचरापर्यंत जाणारे दुसरे कोणतेही वाहन आज त्या देशाकडे तयार नाही, आणि त्यासाठी १९४९ सारखी एखादी तजवीज सरकारने वेळीच करावी असे मला मनापासून वाटते.