घरचा पहारेकरी आणि वायफायची वाट



लग्नकार्यासाठी वा यात्रेसाठी कुटुंब बाहेर पडले, की घराची किल्ली शेजारी ठेवावयाची, ही वऱ्हाडातील जुनी रीत. आज मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आणि वृद्ध आईवडील अमरावती-अकोल्यास, अशी स्थिती अनेक कुटुंबांत दिसते. त्यामुळे दारावर आणि अंगणात स्मार्ट कॅमेरा बसविण्याकडे कल वाढला आहे. शाळांसाठी तर शालेय शिक्षण विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबाबत आदेशच काढले. परंतु कॅमेरा भिंतीवर चढला म्हणजे राखण सुरू झाली, असे मानणे धोक्याचे आहे. वायफायचा दुवा क्षीण असेल तर नेमक्या वेळी चित्र गोठते. कॅमेऱ्याच्या भरवशावर शेजाऱ्याला सांगून जाण्याची सवय मात्र तोवर सुटलेली असते.

चित्र तुटू लागले, की बहुतेक कुटुंबे अधिक वेगाची व अधिक दराची इंटरनेट योजना घेतात. दोष पुष्कळदा तेथे नसतो. साधारण स्पष्ट चित्र पाठविण्यास कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे २ ते ४ मेगाबिट इतका वेग पुरतो. इंटरनेटची तार राउटरपर्यंत येते; तेथून कॅमेऱ्यापर्यंतचा प्रवास लहरींचा असतो आणि अडथळा असतो तो याच वाटेवर.

या लहरींचा स्वभाव समजून घेणे अवघड नाही. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्या पट्ट्यात ती सुमारे सहा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीपुढे तो लवकर दुबळा होतो. २.४ चा पट्टा अधिक दूर पोहोचतो आणि बहुतेक स्मार्ट कॅमेरे त्यावरच चालतात. भारतात २००५ साली हा पट्टा परवानामुक्त झाला. त्यामुळे शहरी वस्तीत त्यावर शेजारच्या राउटरांची गर्दी असते. अशा ठिकाणी राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. हे तीन चॅनेल एकमेकांवर पडत नाहीत.

आता वऱ्हाडातील घराकडे पाहू. जुन्या वाड्यांच्या मातीच्या व दगडाच्या भिंती जाड असतात. उन्हापासून रक्षण करणाऱ्या याच भिंती लहरींना अडवितात. नव्या घरांत सळ्यांचे काँक्रीट, लोखंडी दार आणि टिनाचे छप्पर असते. त्यांतही कूलरचा विचार कोणी सहसा करीत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा अंगणाकडील खिडकीत पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर बसतो. पत्रा लहरी परतवितो आणि पाणी त्या शोषून घेते. हिवाळ्यात नीट चालणारा कॅमेरा उन्हाळ्यात रुसतो, त्याचे कारण कधी कधी एवढेच असते.

यास्तव खर्चापूर्वी मोजमाप करावे. लहरींची शक्ती दाखविणारी विनामूल्य ॲप्स मोबाइलवर मिळतात. कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून, दारे लावून आकडा पाहावा. उणे ६५ डीबीएमच्या आसपासचा आकडा चांगला. उणे ८० पर्यंत घसरला तर दुवा भरवशाचा नाही. नंतर राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून घराच्या मध्यभागी, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवावा आणि पुन्हा मोजावे. छपरावरील अँटेना फिरवीत दूरदर्शनचे चित्र स्थिर करणाऱ्या पिढीला हा उद्योग नवा नाही.

एवढ्याने न भागल्यास रिपीटर घ्यावा. तो कॅमेऱ्याशेजारी लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. दुबळी लहर पुढे पाठविल्याने ती सबळ होत नाही. म्हणून जेथे राउटरची लहर अजून चांगली मिळते, अशा मधल्या जागी तो असावा. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे नेटवर्कची तार. ती १०० मीटरपर्यंत नेता येते आणि तिच्या टोकाला अंगणाजवळ दुसरे वायफाय केंद्र बसविता येते. वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस आणि कॅमेऱ्यासाठीही बॅटरीची सोय हवी. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असल्यास दुवा तुटला तरी चित्रण राहते.

याबरोबरच दक्षताही हवी. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर जगभर ताब्यात घेतले होते. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या घरात जाणार नाही, हे पाहावे.

मेळघाटातील हरिसाल येथे २०१६ मध्ये राज्य शासनाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने डिजिटल ग्रामाचा प्रयोग हाती घेतला. भारतनेटची तार ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे कामही शासनाचेच. परंतु राउटरपासून अंगणापर्यंतची शेवटची पंधरा पावले घरधन्यालाच चालावी लागतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या प्रत्येक खोलीतील लहर मोजून घ्यावी. विज्ञानाचा एक पाठ त्यातून सहज होईल. पंचायत सदस्यांनी कॅमेरा खरेदीचा ठराव करण्यापूर्वी जागेवर हे मोजमाप करवून घ्यावे. आणि गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जाण्याची जुनी रीत, कॅमेरा कितीही उत्तम चालला तरी, कोणी मोडू नये.