परीक्षेचे दिवस आणि मुलांच्या मनाची स्वस्थता

माघांतील थंडी ओसरूं लागली, आंब्याला मोहोर दिसूं लागला, कीं महाराष्ट्रांतील पुष्कळशा सुशिक्षित घरांत एक निराळीच शांतता पसरते. रेडिओचा आवाज बारीक केला जातो. पाहुण्यांना ‘एप्रिलांत अवश्य या’ असें कळविलें जातें. धाकट्या भावंडांना ‘ताईचा अभ्यास चालला आहे’ असें म्हणून गप्प बसविलें जातें. घरांतील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खोलीचें दार लोटलेलें असतें, आणि दुधाचा पेला हातांत घेऊन आई त्या दाराशीं क्षणभर थबकते. बाहेरून पाहणारास ही शांतता मोठी आदर्श वाटेल. दाराच्या आंत मात्र ती नसते. तेथें पुस्तकाचें एकच पान अर्धा अर्धा तास उघडें राहतें, डोळे ओळींवरून फिरतात, आणि मन केव्हांच निकालाच्या दिवसापर्यंत जाऊन पोंचलेलें असतें.

परीक्षेची धास्ती ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. मुंबई विद्यापीठानें आपली पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा १८५९ सालीं घेतली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच परीक्षेंतून पुढें आले. परंतु त्या काळीं परीक्षेस बसणारे मूठभर; ज्याच्या घरीं परीक्षा नाहीं अशींच घरें अधिक. आतां राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस गेल्या कांहीं वर्षांत दर सालीं पंधरा लाखांहून अधिक मुलें नांव नोंदवीत आलीं आहेत. त्यामुळें शेजाऱ्याच्या घरीं परीक्षा, मावशीच्या घरीं परीक्षा, आणि प्रत्येकाच्या तोंडीं टक्केवारी. ‘आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें बुवा’ असें वडील मंडळी म्हणतात खरें. पण माणसाची स्मृति स्वतःच्या बाबतींत फार उदार असते. पेपराच्या आदल्या रात्रीं आपल्या पोटांत कसा गोळा उठला होता, हें चाळीस वर्षांनंतर कोणास आठवतें?

हा पोटांतला गोळा म्हणजे काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. हार्वर्ड येथील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं भय आणि क्रोध यांच्या प्रसंगीं शरीरांत काय घडामोडी होतात याविषयीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वाघ समोर उभा राहिला तर प्राण्यास लढावें तरी लागतें किंवा पळावें तरी लागतें. म्हणून मूत्रपिंडांच्या माथ्यावरील लहानशा ग्रंथि ॲड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. हृदय धडधडूं लागतें, श्वास उथळ व जलद होतो, तळहातांस घाम सुटतो, आणि पोटाचें पचनाचें काम तात्पुरतें थांबतें. कारण त्या क्षणीं जेवण पचविण्यापेक्षां जीव वांचविणें अधिक निकडीचें असतें. पुढें १९३६ सालीं माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं असा ताण दीर्घकाळ चालूं राहिल्यास शरीर कसें झिजतें याकडे लक्ष वेधलें. प्रश्नपत्रिका म्हणजे वाघ नव्हे, हें बुद्धीला कळतें. शरीराला तें कळत नाहीं. तेव्हां पेपराच्या दिवशीं सकाळीं जें मूल पोट दुखतें म्हणून पानावरून उठतें, तें ढोंग करीत नसतें. त्याचें पोट खरोखरच दुखत असतें.

मग ताण मुळींच नसावा काय? तसेंही नाहीं. तंबोऱ्याची तार अगदीं सैल सोडली तर ती सुरांत बोलत नाहीं, आणि फार ओढली तर तुटते. १९०८ सालीं यर्क्स आणि डॉडसन या दोघां संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, सोपें काम असेल तर थोडी अधिक टोंचणीही उपयोगी पडते. परंतु काम बिकट असेल तर तीच टोंचणी शिकण्याच्या आड येते. बीजगणित हें बिकट कामांपैकीं आहे, याविषयीं दुमत होऊं नये. त्यासाठीं मुलाच्या मानगुटीवर बसणारे पालक नेमकें उलट फळ पदरांत पाडून घेतात.

शरीरांतील ह्या घडामोडींपैकीं बहुतेक माणसाच्या हुकमांत नाहींत. हृदयास ‘हळू चाल’ म्हणून सांगतां येत नाहीं, घामास थांबवितां येत नाहीं. एक श्वास तेवढा असा आहे कीं, तो आपोआपही चालतो आणि मनांत आणलें तर आपल्या आज्ञेंतही राहतो. हेंच तें मागचें दार. श्वास आंत घेतांना हृदयाची गति किंचित् वाढते व बाहेर सोडतांना ती मंदावते; म्हणून सोडण्याचा काळ लांबविला कीं हृदय हळूहळू शांत होऊं लागतें. आपल्याकडील योगी ही गोष्ट अनुभवानें जाणत होतेच. परंतु यंत्रें लावून तिचें मोजमाप करण्याचा उद्योग स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आरंभिला, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट आहे.

कृति अगदीं साधी आहे. पाठ ताठ ठेवून, पण अंग न आवळतां बसावें. मनांत चार अंक मोजीत नाकानें श्वास घ्यावा आणि सहा किंवा सात अंक मोजीत तो सावकाश सोडावा. श्वास कोंडून धरण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. कुंभकाचे प्रयोग मुलांनीं आपल्या मनानें करूं नयेत. पांच मिनिटें पुरे. चक्कर आल्यासारखें वाटलें तर थांबावें, आणि नेहमींसारखा श्वास घ्यावा. मात्र ही संवय परीक्षेच्या निदान महिनाभर आधीं लावावी. परीक्षेच्या दालनांत पहिल्यानेंच श्वास मोजूं लागणारा मुलगा आणि पुरांत पडल्यावर पोहणें शिकूं पाहणारा मुलगा, यांत फारसें अंतर नाहीं. ज्याची संवय झालेली आहे, तो प्रश्नपत्रिका हातीं आल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेंकवून असे चारपांच श्वास घेतो आणि मग पहिला प्रश्न वाचतो. यांत एका मिनिटाच्या वर वेळ जात नाहीं. शेजारच्याला कळतही नाहीं.

झोंपेच्या बाबतींत मात्र मुलांपेक्षां पालकांसच समजावण्याची गरज अधिक. पहांटे चार वाजतां उठून केलेला अभ्यास ध्यानांत राहतो, ही समजूत आपल्या घरांत फार जुनी आहे. तिच्यांत तथ्य होतें तें एवढेंच कीं, पूर्वीं घरें रात्रीं नऊलाच सामसूम होत. तेरा ते अठरा ह्या वयांत रोज आठ ते दहा तासांची झोंप हवी, असा निद्राविषयक तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. शिवाय ह्या वयांत शरीराचें घड्याळच थोडें पुढें सरकतें. प्रौढांस दहाला झोंप येते तेव्हां पंधरा वर्षांचें मूल टक्क जागें असतें. हा आळस नव्हे आणि उद्धटपणाही नव्हे. अशा मुलास बारापर्यंत जागूं द्यावयाचें आणि चारला हलवून उठवावयाचें, म्हणजे दिवसा जें शिकलें तें मेंदूंत पक्कें बसण्याची वेळच हिरावून घ्यावयाची. झोंप हाच त्या शिदोरीचा गांठोडें बांधण्याचा काळ आहे. उशाशीं मोबाईल असेल तर ही गांठ सैलच राहते. तो रात्रीं दिवाणखान्यांत ठेवावा, आणि वडिलांनींही आपला तेथेंच ठेवावा. एकट्या मुलाचा काढून घेतला तर ती शिक्षा होते, सर्वांचा ठेवला तर ती घराची रीत होते.

व्यायामाविषयीं लांबण लावण्याचें कारण नाहीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार घरोघर नेले, तेव्हां त्यांस ना मैदान लागलें ना साहित्य. सतरंजीएवढी जागा पुरली. परीक्षेच्या दिवसांत खेळ ‘बंद’ करणें हा शुद्ध तोटा आहे.

एक उपाय मात्र नवा आणि थोडा विलक्षण आहे. मनांतली भीति कागदावर उतरवावी. अमेरिकेंत रामिरेझ आणि बायलॉक यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेपूर्वीं दहा मिनिटें आपल्या धास्तीविषयीं मनमोकळें लिहिणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारलेले आढळले. आश्चर्य नाहीं. मनांत जी भीति भुतासारखी आकारहीन फिरते, ती लिहूं गेल्यास तीनचार ओळींतच संपते. हा कागद आईबापांनीं वाचूं नये. सांपडला तरी वाचूं नये. मुलानें तो फाडून टाकला तरी चालेल.

परंतु त्या कागदावर काय लिहिलेलें असतें? पुष्कळदां गणिताचें किंवा इतिहासाचें नांवही त्यांत नसतें. एका घरांतील प्रसंग सांगण्यासारखा आहे. मुलगी हुशार, पण सराव परीक्षेंत गणितांत कमी पडलेली. रात्रीं पाणी प्यावयास उठलेल्या वडिलांना ती स्वयंपाकघरांत अंधारांत बसलेली आढळली. ‘काय ग बाळ, झोंप येत नाहीं?’ त्यांनीं विचारलें. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, ‘बाबा, मला कमी मार्क पडले तर तुम्ही काकांना काय सांगाल?’ वडिलांनीं धीर देण्यासाठीं ‘कमी पडणारच नाहींत’ असें म्हटलें असतें, तर तो प्रश्न तसाच राहिला असता, किंबहुना अधिकच टोंचला असता. सुदैवानें त्यांस दुसरें सुचलें. ते तिच्याशेजारीं पाटावर बसले आणि म्हणाले, ‘जितके पडतील तितके सांगेन. आणि मग विचारीन, दादा, जेवायला काय आहे?’ मुलगी हंसली. तिच्या गणितांत त्या रात्रीं कांहीं भर पडली नाहीं. पण ती झोंपली.

ह्या वयांतील मुलास भय असतें तें पेपराचें थोडें, आणि घरच्यांचे चेहरे पाहण्याचें फार. म्हणून नापास झाल्यास पुढें काय, ही गोष्ट घरांत आधींच, निकालाच्या कितीतरी पूर्वीं, साध्या आवाजांत बोलली जावी. २०१५ पासून दहावीच्या निकालानंतर कांहीं आठवड्यांतच पुरवणी परीक्षा घेतली जाऊं लागली आहे. वर्ष वायां जाण्याची जुनी भीति त्यामुळें पुष्कळ कमी झाली. हें मुलांस ठाऊक असतें. आईबापांसही तें ठाऊक आहे, एवढें त्यांना ठाऊक नसतें.

कधीं कधीं घरगुती उपाय पुरे पडत नाहींत. मूल दोन-दोन आठवडे जेवेनासें होतें, मित्रांस भेटेनासें होतें, आवडत्या वस्तु वांटून टाकूं लागतें, किंवा ‘मी नसलों तर बरें होईल’ अशा अर्थाचें कांहीं बोलतें. अशा वेळीं ‘भलतें बोलूं नये’ म्हणून विषय मिटवूं नये. काय वाटतें तें सरळ विचारावें, त्याला एकटें सोडूं नये, आणि डॉक्टरांस दाखवावें. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली; १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. हा क्रमांक दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारीं भिंतीवर लावून ठेवण्यास हरकत नाहीं. मुलानें तो स्वतःच फिरविला, तर कोणाशीं काय बोललास, असें त्याला विचारूं नये.