लकवा झालेला माणूस घरी आल्यावर



पनवेल-उरणकडच्या गावात कुणाला लकवा मारला, की आपण नवी मुंबईच्या दवाखान्याकडे धाव घेतो. जीव वाचतो, काही दिवसांनी माणूस घरी येतो. दवाखान्यात नर्सच्या तीन पाळ्या असतात. घरी मात्र एकच बायको, नाहीतर एकच सून. आज मला तिच्याशी बोलायचं आहे.

आधी जेवणाचं. झोपवून पाणी कधी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. नीट बसवा, हनुवटी जराशी खाली. छोटा चमचा, एक घास गिळला की मगच दुसरा. काय चालेल, किती पातळ चालेल, हे घरी येतानाच डॉक्टरांना विचारून घ्या. ठसका लागला किंवा आवाज घोगरा झाला तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या.

दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज बघा. लाल डाग दिसला तर चोळू नका, त्या अंगावर झोपवू नका आणि नर्सताईंना दाखवा. लुळा हात ओढून उठवू नका, खांदा निखळतो. हाताखाली उशी द्या.

एका घरी आजोबांचं बोलणं गेलं होतं. पाहुणे उशाशी बसून म्हणाले, "आता काय राहिलंय यांच्यात?" आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाचा गेली तरी समज असू शकते, बायांनो. "चहा हवा का?" असं एकेक विचारा, मान हलवेपर्यंत थांबा.

दुखणं कमी करणं, मनाला धीर देणं, घरच्यांनाही सांभाळणं, याला उपशामक सेवा म्हणतात. ती फक्त कॅन्सरसाठी किंवा शेवटच्या दिवसांसाठी नसते. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांमध्ये तिचा समावेश आहे. आशाताईंना सांगून नाव नोंदवा.

आणि त्या सुनेचं काय? तिची झोप, तिची पाठ, तिचा वैताग, हेही दुखणंच आहे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: आठवड्यातून दोन दुपारी तिच्या घरी कोण बसणार? तेवढ्यात ती निवांत आंघोळ करेल, झोपेल, नाहीतर मनसोक्त रडेल.

आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ अडखळली, तर वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

येते. काळजी घ्या, स्वतःचीही.