घेवड्याच्या दाण्यातली बुरशी

सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला पिकणारा वाघ्या घेवडा तुमच्या ओळखीचा. भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याच्या दाण्यावरचे लालसर पट्टे जातीचेच. पण तपकिरी, किंचित खोलगट डाग दिसला, तर तो करपा रोगाचा असू शकतो.

करप्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, शेंगेवरच्या डागातून आत शिरते. दाण्याच्या सालीत, कधी थेट डाळीत दबून राहते. धुऊन ती जात नाही. दाणा उगवला की रोपाच्या पहिल्या दलांवर डाग पडतात, आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग शेजारच्या रोपांवर जातो. थंड, ओलसर हवा या बुरशीला फार मानवते. म्हणून डागाळलेल्या शेंगांचं बी धरूच नका, हे अगदी आग्रहानं सांगते.

करपा शेतातून येतो; अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम या मात्र साठवणीतल्या बुरशी. कोठीत ओल मिळाली की वाढतात, उगवण घटवतात. बी नीट वाळवलं, तर त्यांचं फारसं चालत नाही.

दाण्यात बुरशी आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत दाणे ओल्या टीपकागदावर साधारण 7 दिवस ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही दाणे आधी सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. वरची बुरशी मरते. त्यानंतरही जी उगवते, ती आतली.

पेरणीआधी किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा. आणि रासायनिक औषध लावलेलं उरलेलं बी आमटीत किंवा गुरांपुढे कधीही जाऊ देऊ नका.