विस्थापित कुटुंबे आणि परिचारिकेचा आधार

(जागतिक परिचारिका दिनाच्या समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. तरीही आज परिचर्येविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास एक जुना प्रसंग कारण आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी मी एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर नवखा कारकून होतो. जखमी नातवाला घेऊन आलेल्या एका आजींना मी रीतसर विचारले, “गाव कोणते? घरी आणखी कोण?” त्या काहीच बोलेनात. मी तेच पुन्हा विचारले. तेव्हा सिस्टरांनी माझे रजिस्टर मिटले, आजींना पाणी दिले आणि म्हणाल्या, “आजी, नातू इथेच आहे. टाके घालताना तुम्ही त्याच्याजवळ बसा.” नोंद दुसऱ्या दिवशी झाली. त्यामुळे काहीही अडले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचे सूत्रही हेच आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. प्रथम पाहावे ते सुरक्षितता आणि निकडीच्या गरजा. ऐकावे, परंतु घडलेले सांगण्याचा आग्रह धरू नये. “आता विसरा” असे म्हणू नये, खोटा दिलासा देऊ नये. माहीत नसेल तर “विचारून सांगते” म्हणावे आणि खरोखर सांगावे. मायलेकरांची ताटातूट होऊ देऊ नये. आप्त, मदत छावणी, शासकीय कार्यालय यांच्याशी कुटुंबाची गाठ घालून द्यावी.

भूकंपानंतर अनेकांना छपराखाली झोपण्याची धास्ती वाटे. अशा रुग्णाची खाट दाराजवळ लावणे हाही उपचारच होय. झोप न लागणे, दचकणे हे सुरुवातीच्या दिवसांत स्वाभाविक असते. मात्र आठवडे लोटूनही नित्याचे व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दरडींनी दाखवून दिले की, असे प्रसंग पुन्हा ओढवतात. यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. परंतु रात्री दोन वाजता एखाद्या मातेच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेच्या अर्ध्या तासाची पावती फाडता येत नाही. वॉर्डात माणसे अपुरी असली, की प्रथम हाच अर्धा तास कापला जातो, आणि तो कापणाऱ्यांत मीही होतो, हे नम्रपणे कबूल करतो.

म्हणून विश्वस्तांना व दात्यांना माझी विनंती आहे : परिचारिकांच्या या प्रशिक्षणासाठी आणि रात्रपाळीच्या वाढीव मनुष्यबळासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी. हा खर्च मी आनंदाने लिहीन.