भित्रे कुत्रे आणि भरली जत्रा



मजूर चळवळीतल्या माणसाने कुत्र्यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण गर्दी जमविणे हेच आमचे काम. तेव्हा गर्दीत कुणाला न्यावे, कुणाला नेऊ नये, एवढे आम्हांला कळते.

साताऱ्यात कुत्र्याचा मान जुना. संगम माहुलीस शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला, म्हणून त्यास जहागीर व पालखी मिळाली. एकदा तर जरीची वस्त्रे, दागिने आणि महाराजांची स्वतःची पगडी घालून त्याला भर दरबारात आणले, असे ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे. कुत्र्याला त्या पगडीचे काय वाटले, ते डफसाहेब सांगत नाहीत.

पालीचे पाहा. पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. कुत्रा देवाचा सोबती, वाघ्ये तर स्वतःलाच देवाचे कुत्रे म्हणवितात. मग घरचा कुत्रा दर्शनाला न्यावा असे भाविकास वाटले तर नवल नाही. तासगावच्या ऋषिपंचमीच्या रथाला, सांगलीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीच्या मिरवणुकीलाही हौशी लोक कुत्री नेतात. पण त्या जनावराच्या उंचीवरून जत्रा म्हणजे नुसते पाय. नाकात भंडारा आणि गुलाल. माणसाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 40 हजारांच्याही वरचा. त्यात ढोल आणि डॉल्बी!

भ्यालेला कुत्रा आधी सांगतो. शेपूट पोटाखाली घेतो, कान मागे पाडतो, ओठ चाटतो, जांभया देतो. मालक म्हणतो, कंटाळलाय. साखळी आखूड, पळायला वाट नाही, मग तो चावतो. आणि त्याच्या तोंडाच्या उंचीला असतो तो लहान पोराचा हात. जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी, लगेच दवाखाना गाठून इंजेक्शने घ्यावीत; पिसाळी रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. इकडे लोक काठ्या घेऊन कुत्र्यामागे लागतात. त्याला आणणारा मात्र गर्दीत मिसळून जातो.

कोणी म्हणतात, नेल्याशिवाय सवय कशी होणार? कृष्णेच्या पुरात ढकलून कोणी पोहायला शिकविते काय? मोर्च्याला जो कचरतो त्याला आम्ही ओढीत नाही; तो रात्री पत्रके चिकटवितो, आणि पुढे एखाद्या दिवशी आपणहून येतो. कुत्र्याला आधी आठवड्याच्या बाजाराच्या कडेला, सकाळी पाले पडत असतानाच न्यावे. भाकरीचा तुकडा पुढे करावा. खाल्ला तर थोडे थांबावे. आवडीचा तुकडाही नाकारला, तर तो भ्याला आहे असे समजून मुकाट्याने घरी फिरावे.

मिरवणुकीच्या दिवशी त्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवावे, खिडकी लावावी, पाणी ठेवावे, आणि ओळखीचे कोणीतरी जवळ बसावे. आमच्या अनुभवाने सांगतो, घरातल्या म्हाताऱ्यांनाही त्या दिवशी अशी सोबत हवीच असते.