उत्तेजनार्थ



पत्रिकेवर माझा विषय ‘जनित्राचे उत्तेजन : अंकीय नियंत्रण व संरक्षण’ असा छापला आहे. मघाशी दारात एक आजोबा नातीला घेऊन भेटले. त्यांना वाटलं, उत्तेजनार्थ बक्षिसं आहेत. (हशा) आजोबा, बसा, शेवटी पेढा मिळतो असं ऐकलंय. आमच्या वीजकेंद्रात याला कुणी उत्तेजन म्हणत नाही. कागदावर एक्सायटेशन, रात्रपाळीत नुसतं ‘फील्ड’.

जनित्र कसं चालतं हे तुम्ही शाळेत शिकला आहात. चुंबक फिरतो, भोवतीच्या तारांत वीज तयार होते. पुढे जाऊ. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की आमचा चुंबक कायमचा नसतो, तो वीज देऊन बनवावा लागतो. २१० मेगावॅटचा औष्णिक संच घ्या. त्याचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो आणि त्याच्या गुंडाळीतून पूर्ण भाराला सुमारे २६०० अँपिअर डीसी वाहतो, तीनशेच्या आसपास व्होल्टवर. गुणाकार केलात तर आठशे किलोवॅट होतात. म्हणजे अर्धा टक्काही नाही. पण या अर्ध्या टक्क्याच्या कासऱ्यावर अख्खा बैल चालतो.

हे आठशे किलोवॅट येतात कुठून? त्याच जनित्राच्या विजेतून, थायरिस्टरमार्फत. मग पहिल्यांदा, वीजच नसताना? घरात दही कसं लावता? विरजण घालून. तसंच बॅटरीतून काही सेकंद थोडा करंट सोडायचा, की पुढचं मशीन स्वतः करतं. लोखंडात उरलेल्या चिमूटभर चुंबकत्वावर यंत्र स्वतःला जागं करू शकतं, हे वेर्नर फॉन सीमेन्सनं १८६६-६७ साली दाखवलं. त्याच सुमारास इंग्लंडात आणखी दोघांनी दाखवलं. भांडण तिथेही होतंच.

आता फील्ड वाढवलं की मशीन ग्रिडला रिअॅक्टिव्ह पॉवर देतं, कमी केलं की ग्रिडमधून ओढतं. रिअॅक्टिव्ह पॉवर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालतो. नसेल तर शेजाऱ्याला विचारा, म्हणजे त्यालाही नाही हे कळेल. (हशा) शेतीपंपाला कपॅसिटर का लावतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांचं काम भागलं.

पूर्वी फील्ड कमीजास्त करायला माणूस हातचाक धरून उभा असे. मग थरथरणारे रेग्युलेटर आले, चुंबकीय अॅम्प्लिफायर आले, थायरिस्टर आले, आणि आता प्रोसेसर. एक चॅनेल बिघडलं तर दुसरं झटका न देता काम उचलतं. काय, कधी झालं याची नोंद मिलिसेकंदात मिळते. हे सगळं उत्तमच आहे. मी डिजिटलच्या विरोधात नाही. हे आधीच सांगतो, कारण माझे दोन जुने सहकारी तिसऱ्या रांगेत बसलेत आणि एकानं आत्ताच मान हलवली.

माझं म्हणणं एकच आहे, आणि तीस वर्षं मी ते सांगून लोकांना कंटाळा आणलाय. या यंत्रणेत दोन पहारेकरी असतात. एक लिमिटर. तो रेग्युलेटरच्या आत बसतो आणि मशीन हद्दीकडे निघालं की दटावतो. फील्ड फार वाढलं तर रोटर तापतो, फार कमी झालं तर मशीन ग्रिडच्या तालातून निसटतं. दुसरा रिले. तो दटावत नाही, घराबाहेर काढतो. फील्ड गेलं हे ओळखणारा आजचा रिले जनित्राच्या टोकाशी व्होल्ट भागिले अँपिअर मोजतो. सी. आर. मेसन यांनी १९४९ साली ही युक्ती मांडली आणि अजून जगभर तीच चालते. दटावणारा आधी यायला हवा, हाकलणारा नंतर. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण लिमिटर लावणारा एका खोलीत बसतो आणि रिले लावणारा दुसऱ्या. दोघं एकत्र चहा पीत नाहीत. आमच्याकडे तर एकाच कॅन्टीनमध्ये दोन टेबलं होती.

आता एक गोष्ट सांगतो. पाच मिनिटांत संपवतो. (कार्यवाह हसतात.)

मी काम करत होतो त्या एका केंद्रातली रात्र. केंद्राचं नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. धो धो पाऊस, राज्यभर शेतीपंप बंद. लांबलचक लाइनी रिकाम्या पडल्या की उलट व्होल्टेज चढतं. ४०० केव्हीचा बस ४२० वर. लोड डिस्पॅचचा फोन, “व्हार ओढा,” म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवर ओढा. आमचं मशीन कमी भारावर होतं. ऑपरेटरनं फील्ड कमी केलं, अजून थोडं कमी केलं, आणि धाडकन ट्रिप. फील्ड ब्रेकर उघडला. तो उघडला की गुंडाळीतली ऊर्जा जिरवायला प्रतिरोध लावलेला असतो. नाहीतर... असो, ते राहू द्या.

सकाळी बैठक. टेस्टिंगवाले म्हणाले, रिलेनं सेटिंगप्रमाणे काम केलं. खरं होतं. रेग्युलेटरवाले म्हणाले, लिमिटर अजून कामाला लागलाच नव्हता, कारण त्याच्या सेटिंगची हद्द यायची होती. तेही खरं होतं. दोघंही बरोबर आणि मशीन बंद. बॉयलर पुन्हा पेटवायला तेल जळतंय, साहेब घड्याळाकडे बघताहेत, आणि जो तो आपापली फाइल छातीशी धरून.

आमचे एक तात्या होते. जुन्या पॅनेलवर हातानं मशीन चालवलेले, पदवी-बिदवी काही नाही. ते उठले आणि घरी गेले. क्वार्टर जवळच. परत आले ते मुलीच्या दहावीच्या वहीतला आलेखाचा कागद घेऊन. म्हणाले, “साहेब, तुमची रेघ काढा. आता ह्यांची काढा. ह्याच कागदावर.” लिमिटरची रेघ मेगावॅट आणि मेगाव्हारमध्ये असते, रिलेचं वर्तुळ ओहममध्ये. ती गणितं मी कॅल्क्युलेटरवर केली. अर्धा तास लागला. पूर्ण भाराला दोन्ही रेघा एकमेकींपासून लांब, जिथे जी हवी तिथे. आणि कमी भाराकडे एकमेकींना कापून गेलेल्या! तिथे रिले आधी, लिमिटर नंतर. रेग्युलेटर नवा बसवला तेव्हा लिमिटरचे आकडे नवे आले, रिलेचे पंधरा वर्षांपूर्वीचे. कुणी ते शेजारी ठेवलेच नव्हते. तात्या म्हणाले, “दोन सोयरीकवाले एकमेकांना न भेटताच मुहूर्त काढून बसले.”

हा तो कागद. मागच्यांना दिसणार नाही, पुढच्यांना दिसून कळणार नाही. (हशा) कोपऱ्यात मुलीनं केलेलं रेषीय समीकरण आहे. तेही चुकलेलं.

जुन्या काळी सेटिंग म्हणजे एक खुंटी असे, फिरवून वर लाल रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका तडकलेला दिसला की कुणीतरी हात लावलाय हे कळे. आता सेटिंग लॅपटॉपमध्ये असतं. पासवर्ड तिघांकडे, त्यातला एक निवृत्त. दोन्ही पहारेकरी आता संगणकच आहेत. पण स्वतःहून ते एकमेकांना विचारत नाहीत, “बाबा, तू कुठे उभा आहेस?” ते माणसानंच बघायचं.

हे आपल्याकडचंच दुखणं असं समजू नका. १४ ऑगस्ट २००३, अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ ईस्टलेक केंद्राचा पाचवा संच, ५९७ मेगावॅट. ऑपरेटर रिअॅक्टिव्ह पॉवर वाढवत होता. ओव्हरएक्सायटेशन झालं आणि रेग्युलेटर मॅन्युअलवर गेला. त्यानं तो पुन्हा ऑटोवर आणायला हात घातला, आणि दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी संच ट्रिप. चारनंतर अमेरिका आणि कॅनडातली मिळून पाच कोटी माणसं अंधारात. एकट्या ईस्टलेकमुळे नव्हे, हे मी मान्य करतो. झाडांना टेकलेल्या लाइनी होत्या, कंट्रोल रूममधली बंद पडलेली घंटा होती. तिसरी रांग पुन्हा मान हलवते आहे. अहो, मी मान्य केलं ना! पण तिथे पुढे नियमच झाला, पीआरसी-०१९. मशीनची क्षमता, रेग्युलेटर आणि रिले यांचा मेळ घालून दाखवा. म्हणजे तात्यांचा कागदच की!

त्याआधी १० ऑगस्ट १९९६ ला मॅकनरी धरणावरचे १३ संच एक्सायटरमधल्या संरक्षणानं नको तेव्हा काढले, आणि अमेरिकेचा पश्चिम भाग... किती? दहा मिनिटं? चिठ्ठीवर पाच लिहिलंय. बरं. पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर राहिला. तो फार सुंदर विषय होता. स्पेन-पोर्तुगालचा २८ एप्रिल २०२५ चा अंधारही राहिला. तिथे तर व्होल्टेज चढलं होतं, आमच्या पावसाळी रात्रीसारखंच.

एक चिठ्ठी वाचतो. “आमच्या आळीत व्होल्टेज कमी येतं, फ्रिज चालत नाही, तुमचं खातं काय करतं?” ते माझं खातं नव्हे, मी निर्मितीत होतो. वितरणवाले पुढच्या वर्षी बोलवा, मी श्रोत्यांत बसेन. (टाळ्या) दुसरी : “तात्या आता कुठे असतात?” गावी. गुडघे दुखतात. मुलगी शिक्षिका झाली, गणिताची.

पंखा बंद झाला वाटतं. वीज गेली का? नाही, कार्यवाहांचा हात बटणावर आहे. समजलं. नमस्कार.